वरणभात खाणारा वाघ

आमच्या घरात एके काळी एक वाघ होता आणि तो वरणभात खायचा. हे वाक्य म्हटलं की माझी नातवंडं मोबाइलमधून डोकं वर काढतात, म्हणून मी ते जपून वापरते. वाघ पुठ्ठ्याचा होता. अंगावर आईच्या जुन्या पिवळ्या लुगड्याचा तुकडा खळीनं चिकटवलेला, डोळ्यांच्या जागी शर्टाची बटणं आणि पट्टे काजळाचे. त्यामुळे त्याला हात लावला की पट्टे बोटांना लागत, आणि वाघ दिवसेंदिवस गरीब गायीसारखा दिसू लागे. मग आई पुन्हा काजळाची डबी उघडून त्याला हिंस्र करायची. तो वाघ माझा नव्हता. या प्रकरणात सांगण्यासारखं जे काही आहे, ते सगळं या एका गोष्टीतून आलं आहे.

आम्ही तेव्हा जबलपुरात कमानिया गेटाच्या मागच्या एका गल्लीत, सोनाराच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी जाग यायची ती खालच्या हातोडीच्या टकटकीनं. तो आवाज इतका बारीक आणि इतका एकसारखा असे की तो थांबला की घरातले सगळे मान वर करत, काय झालं म्हणून. सोनीजी थांबले म्हणजे चहा आला, एवढंच झालेलं असे. सराफ्याकडून टांग्यांच्या घंटा येत, समोरच्या हलवायाच्या कढईतला तुपाचा वास जिन्यावरून न विचारता घरात शिरे, आणि आमच्या स्वयंपाकघरात आईची भाजी फोडणीला पडली की खालून हमखास एखादी शिंक ऐकू येई. बाबा फॅक्टरीत कारकून होते आणि बहुतेक प्रश्नांना 'अच्छा' एवढंच उत्तर देत. त्या एका शब्दात होकार, नकार, आश्चर्य आणि 'आता मला पेपर वाचू दे' हे सगळं मावत असे.

मध्यंतरी राज्यांची वाटणी होऊन नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं होतं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो होतो. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी बाबा 'अच्छा' म्हणाले असते. वाटणीचा आमच्या घराला जाणवलेला परिणाम झाला तो म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या मराठी वर्गावर. मी त्या वर्गात शिकले. माझ्यामागून मुलं कमी होत गेली, शिकवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या आणि वर्गही त्यांच्याबरोबर निवृत्त झाला. धाकट्या दिनूला पुढच्या वर्षी जुलैत हिंदी शाळेत घालायचं ठरलं. तो तेव्हा पाच वर्षांचा होत आलेला, आणि गल्लीतल्या पोरांत खेळून खेळून त्याची भाषा अशी झाली होती की एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, और भात दे ना, भूख लागून राहिली." आईनं भात वाढला, पण तिचा हात जरा थांबला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाबांना म्हणाली, "शाळेत जायच्या आधी याला आपली अक्षरं मी घरी शिकवते. तिथे गेला की मग माझ्या हाताला लागत नाही तो."

"अच्छा," बाबा म्हणाले.

जबलपुरात तेव्हा जनावरांची बाग नव्हती. आईनं ती लग्नाआधी नागपूरला पाहिली होती, आणि तिथून इतक्या वर्षांनी आठवणीतून जेवढी जनावरं आणता आली तेवढी तिनं आणली. गेंडा शेळीसारखा झाला. अस्वल बरं जमलं, कारण अस्वल नाचवणारा भालूवाला गल्लीत यायचा. जिराफ तिनंही कधी पाहिला नव्हता, बाबांनीही नाही, सोनीजींनी तर नावही ऐकलं नव्हतं. म्हणून त्याची मान आईनं स्वतःच्या मतानं लांबवली, आणि पावसाळ्यात पुठ्ठा सादळला तसा तो मान खाली घालून, काहीतरी गुन्हा केल्यासारखा उभा राहू लागला. चपलांच्या खोक्यांना केरसुणीच्या काड्या लावून पिंजरे केले. काड्या कापायचं काम माझं होतं. प्रत्येक पिंजऱ्यावर एकेक अक्षर. ण आणि ळ यांच्या वाटणीला एकही जनावर येईना, तेव्हा आईनं त्यांचेही पिंजरे केले आणि रिकामे ठेवले. दिनूनं विचारलं तेव्हा म्हणाली, "यांची जनावरं अजून पकडायची आहेत." दिनू कितीतरी दिवस कपाटामागे ळ शोधत होता.

शिकवायची तिची तऱ्हा अशी. ती अक्षराचं नाव कधी सांगत नसे, फक्त त्याचा आवाज काढायची. पोळपाट उभा धरून त्यामागे जनावर लपवायचं आणि त्याच्या नावाचा पहिला आवाज तेवढा काढायचा. ओठ मिटून लांबवलेला म्, दाताला ओठ लावून नुसता वारा सोडलेला व्. दिनूनं कान देऊन ऐकायचं, ओळखायचं, मग टाळ्या वाजवत नाव फोडायचं : हत्-ती, को-ल्हा, अस्-व-ल. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जनावराला जेवायला घालायचं. इथे नियम कडक होता. जनावर जेवल्याशिवाय बोलत नाही, आणि ज्याचं त्यानंच खायचं. हत्तीला हरभरे, माकडाला मुरमुरे, सशाला साबुदाण्याची खिचडी, लांडग्याला लाडू, पोपटाला पोहे आणि वाघाला वरणभात, वर तुपाची धार. आमच्याकडे मांसमच्छी नव्हती, आणि आईच्या मते वाघालाही सवयीचा प्रश्न होता. जनावरांच्या वतीनं दिनू खाई. घास गिळला की पाटीवर अक्षर काढी. चुकला तर जनावराचं पोट दुखतं असं आई म्हणे, आणि दिनू घाबरून अक्षर पुसून पुन्हा काढी. कुणी कुणाला मारत नव्हतं, कुणी रडत नव्हतं.

मला अक्षरं शिकवली त्या बाईंच्या हातात लाकडी पट्टी असे. अ नीट आला नाही की बोटांच्या पेरांवर, आ नीट आला नाही की पालथ्या हातावर, आणि बाकीची बाराखडी साधारण याच क्रमानं शरीरभर शिकवली जाई. आम्ही ती एका सुरात ओरडून म्हणायचो. त्यात कुठे जनावर नव्हतं, बाई सोडल्या तर. मला वाचता येऊ लागलं, वर्गात पहिला नंबर आला, आणि घरी आईनं माझ्या हातावर साखर ठेवली. तोपर्यंत मला वाटत होतं की विद्या अशीच मिळते आणि साखर अशीच मिळते.

आता शाळेतून दुपारी घरी यावं तर आतल्या खोलीत जेवणाचा थाट मांडलेला. आई मांडी घालून बसलेली, तिच्या गुडघ्याला टेकून दिनू, भोवती पिंजऱ्यांचा गोल, आणि आईच्या तोंडून असे आवाज निघत असलेले की जे मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती गुरगुरायची. माझी आई, जी बाहेरच्या माणसासमोर मान वर करत नसे, ती भर दुपारी गुरगुरायची. मला पाहिलं की म्हणे, "आलीस का? पोळी झाकून ठेवली आहे बघ." मी दारात बसून सकाळची पोळी आणि लोणचं खाई, कुठल्याही जनावराचं नाव न घेता. आईनं मला कधी कमी वाढलं नाही, हे मुद्दाम सांगते. पण दिनूच्या ताटातला भात हा वाघाचा भात होता, आणि माझ्या ताटातली पोळी ही पोळी होती.

एक दिवस मी विचारलं.

"मला काहून नाही केलं असं?"

आई गेंड्याचं सुटलेलं शिंग शिवत होती. तिनं दातानं दोरा तोडला. "तुझ्या वेळी मी उठून तरी बसत होते का, कुमू? दिनू पोटात होता. सकाळपासून ओकाऱ्या, संध्याकाळपर्यंत ओकाऱ्या. तुला बाईंच्या स्वाधीन केलं न् पडून राहिले. पण शिकलीस ना तू? पहिली आलीस."

म्हणजे हा जन्माला यायच्या आधीच माझी जनावरं खाऊन बसला होता. मला हे आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यामुळे काही बरं वाटलं नाही.

"मग आता कर."

"आता? तुला तर वाचता येते. ज्याला येते त्याला काय शिकवू मी?"

"येत नाही असं समज."

आई हसली. "समजून कसं चालेल, बापा? काल मला अख्खा पेपर वाचून दाखवलास." आणि ती पुन्हा गेंड्याकडे वळली. माझ्या लक्षात आलं की जे मला येतं तेच माझ्या आड येत आहे. नंतर आयुष्यात हे पुष्कळदा झालं, पण पहिल्यांदा झालं तेव्हा फार लागलं.

मग मी दारातच बसू लागले. बसून बघू लागले. मत्सरात असते तशी एकाग्रता दुसऱ्या कशात नाही, हे मी आज ठामपणे सांगू शकते. अभ्यासात मी कधी इतकं लक्ष दिलं नाही. कुठल्या जनावराचा कुठला पिंजरा, आई कुठला आवाज कसा काढते, कोणत्या घासाला दिनू अडखळतो, सगळं मला पाठ झालं. भालूवाला येऊन गेला की दिनू अस्वलाला भालू म्हणून भाकरी घालायला बघायचा, आणि आई म्हणायची, "भालूची भाकरी त्याच्या हिंदी घरी. इथे त्याला अनारसे." दारातून मी आईच्या आधी उत्तर देऊ शकत होते. मात्र मला कुणी विचारत नव्हतं. सोनीजीसुद्धा जिन्यात भेटले की हातोडी कानामागे खोचल्यासारखा हात करून विचारत, "क्यों दीदी, शेर ने आज खाना खाया?" मी म्हणे, "मुझे नहीं मालूम." मला चांगलं माहीत असे. दोनदा घेतलेला असे त्यानं भात.

आता माझ्या नातीच्या शाळेत याच प्रकाराला एक मोठं नाव आहे, आणि पालकांना वातानुकूलित खोलीत बसवून ते समजावलं जातं. पडद्यावर रंगीत चित्रं येतात, सूट घातलेली एक मुलगी 'बघा, आपण अक्षराचं नाव नाही, ध्वनी देतो' असं सांगते, आणि सगळे आई-बाप वह्यांत लिहून घेतात. मी गेले होते. चहाबरोबर बिस्किटं होती, पण कोणती कुठल्या जनावराची ते काही सांगितलं नाही.

आईच्या या बागेची बातमी दादासाहेबांपर्यंत कशी गेली कोण जाणे. दादासाहेब आमच्या मराठी मंडळाचे चिटणीस. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपुरात आले होते, आम्ही बाबांच्या बदलीबरोबर आलो होतो, आणि हा फरक ते बोलताना सोडत नसत. बंद गळ्याचा कोट, चांदीच्या मुठीची काठी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सभा टाळ्या वाजवील एवढी जागा. मायबोली हा त्यांचा विषय होता. महाराष्ट्रात ते लग्नकार्यापुरतेच गेलेले, पण महाराष्ट्रापासून आपण कसे तुटलो हे सांगताना त्यांचा गळा दाटून येई. ते आमच्याकडे आले तेव्हा बरोबर त्यांचा नातू होता. दादासाहेबांनी एकुलत्या खुर्चीवर बसून पिंजरे पाहिले, काठीनं जिराफाची मान वर करून पाहिली आणि सोडली. ती पुन्हा खाली गेली.

"वा, वहिनी! मायबोलीचं बीज घराघरांत असंच रुजायला हवं. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे पाहुणे येताहेत. बैलांची मिरवणूक झाली की तुमच्या चिरंजीवांचं प्रात्यक्षिक ठेवू."

"दादाजी, घर चलो ना," नातू म्हणाला. "यहाँ तो पंखा भी नहीं है."

दादासाहेबांनी ते ऐकलं नाही. आई पदर सावरत म्हणाली, "लहान आहे जी तो. चारचौघांत जमते न जमते." पण तिचे कान लाल झाले होते, आणि ती खूश झाली की तिचे कान लाल होत. बाबा 'अच्छा' म्हणाले, तेव्हा मला कळलं की हे ठरलं. मला वाटलं, आता हा स्टेजवर जाणार. वाघाला घेऊन.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा. नागपुराकडची ही रीत आमच्या लोकांनी जबलपुरात नेटानं चालवली होती. खऱ्या बैलांशी आमच्यापैकी कुणाचाही संबंध उरला नव्हता, पण चाकं लावलेले लाकडी नंदी घराघरांत होते. त्यांना झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, आणि दोरी धरून पोरं घरोघर फिरत बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ गोळा करत. त्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये नंद्यांची रांग लागली, घुंगरांचा खळखळाट झाला, कुणाच्या बैलाचं चाक निघालं आणि त्यावरून दोन भावांची मारामारी झाली. मंचावर लाल कापडाचं टेबल, टेबलावर पितळेचा तांब्या आणि पाहुण्यांसाठी आणलेली पेढ्यांची तबकडी. पाहुणे म्हणजे फॅक्टरीतले एक मोठे साहेब, बाबांच्या साहेबांचे साहेब. बाबा शेवटच्या रांगेत खांबाला टेकून उभे राहिले, म्हणजे नजरेस पडायला नको.

दादासाहेब मायबोलीवर बोलले. बराच वेळ बोलले. मग आई वर गेली. तिनं पुठ्ठ्याची जनावरं टेबलावर मांडली. दिनू टेबलाच्या उंचीएवढा, नवा सदरा, केसांना तेल. आई त्याच्याशेजारी खाली बसणार होती, घरच्यासारखी, पण दादासाहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा, परीक्षा मी घेतो." आणि त्यांनी वाघ उचलून पाहुण्यांना दाखवला, मग सभेला, मग दिनूला.

"सांग बाळ, हे कोणतं अक्षर?"

दिनू वाघाकडे बघत राहिला. मग त्यानं टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे.

"घाबरू नकोस. बोल."

"तो जेवला नाही," दिनू म्हणाला.

माइक जवळच होता. हॉल हसला. दादासाहेबही हसले. हे त्यांच्या भाषणात नव्हतं, पण पाहुणे हसले होते. त्यांनी तबकडीतला पेढा उचलला. "हा घे. घाल तुझ्या वाघाला पेढा, आणि सांग अक्षर."

दिनूनं हात मागे नेले. "वाघ पेढा खात नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज रडका झाला होता. "पेढा पोपटाचा आहे."

आता हसण्याचा कल्लोळ झाला. कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, शेर को पेढा नहीं चलता!" पोरं घुंगरं वाजवू लागली. दादासाहेबांनी पेढा तबकडीत ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि माइककडे वळले. "असो. हेतू उदात्त होता. पण मंडळी, खाऊ घालून विद्या येत नाही. विद्येला धाक लागतो. यांचीच थोरली कन्या पाहा, जुन्या पद्धतीनं शिकली, वर्गात पहिली! कुठे आहे ती? ये बाळ, इकडे ये. हे मंडळाचं मानपत्र वाचून दाखव."

मी पुढच्याच रांगेत बसले होते. मी आईकडे पाहिलं. तिचे कान आता पांढरे होते. एवढ्या हॉलमध्ये दोनच माणसांना कळलं होतं की दिनू चुकला नव्हता. वाघ प च्या घरचं खाणार नाही, हे त्याला रडतानाही पक्कं ठाऊक होतं. एक आई, आणि ती खुर्चीवर बसून पदराचं टोक पिळत होती. ती चारचौघांत बोलणार नव्हती. दुसरी मी.

पुस्तकांत अशा वेळी बहिणीच्या पोटात माया दाटून येते. माझ्या पोटात तसं काही झालं नाही. दिनूची फजिती मी महिनोन्महिने मागितली होती आणि ती मला बोजाऱ्यासारखी हातात मिळाली होती. मानपत्र वाचून दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, एवढंच बाकी होतं. मी मंचावर चढले. दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सभेला म्हणाले, "ही बघा! पट्टीची करामत." आणि मला एकदम दिसलं की हे झालं की मी कायमची पट्टीची होणार. बाईंची. बाग दिनूची होती आणि माझी पट्टी, आणि आता ते माइकवर, साहेबांसमोर पक्कं होत होतं.

"नाही," मी म्हणाले. "मला पण आईनंच शिकवलं. असंच. वाघाला वरणभात घालून."

माइकमुळे ते खूप मोठं ऐकू आलं. खांद्यावरचा हात निघाला.

मी टेबलावरचा वाघ घेतला. पहिल्यांदाच तो नीट हातात आला होता. काजळ लगेच बोटांना लागलं. "वाघाला वरणभात," मी म्हणाले, "म्हणून पेढा नाही चालत. पोपटाला पोहे, नाहीतर पेढा. माकडाला मुरमुरे. ज्याचं त्यानंच खायचं. दिनूनं बरोबर सांगितलं." मग बायकांच्या बाजूनं एक काकू म्हणाल्या, "अगं बाई! खरंच की." दुसरी म्हणाली, "मग हत्तीला?" दिनूनं डोळे पुसत सांगितलं, "हरभरे." "आणि लांडग्याला?" "लाडू!" "कोल्ह्याला गं?" "केळं!" आता पोरंच ओरडू लागली. कुणी विचारलं, "जिराफाला काय?" तर दिनूच्या आधी दादासाहेबांचा नातू मागच्या खुर्चीवर उभा राहून किंचाळला, "जिलबी!" ते त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं पहिलं मराठी असावं. पाहुण्या साहेबांनी स्वतःच्या हातानं पोपटासमोर पेढा ठेवला, आणि मग सगळ्यांना दिसेल असं वाघापुढे रिकामा हात धरून म्हणाले, "वरणभात नाही हो आज." पाठीमागे बाबा खांबापासून एक पाऊल पुढे आले होते. दादासाहेब तांब्यातलं पाणी पीत होते.

मानपत्र कुणी वाचलं ते मला आठवत नाही. मी वाचलं नाही.

घरी येताना आई भरभर पुढे चालत होती. दिनू बाबांच्या खांद्यावर, जनावरं टोपलीत, टोपली माझ्या डोक्यावर. जिन्यात सोनीजींनी विचारलं, "क्या हुआ?" तर बाबा म्हणाले, "अच्छा हुआ," आणि वर गेले. मी मात्र मनात उत्तरं जुळवत होते, कारण आई विचारणार हे ठरलेलं होतं. खोटं काहून बोललीस? भर सभेत? तिला खोटं खपत नसे. दिनू एकदा गुळाबद्दल खोटं बोलला तर तिनं त्याला दिवसभर गूळ दिला नव्हता.

आई स्वयंपाकाला लागली. स्टोव्हची भरभर सुरू झाली, वरणाला हिंगाचा वास आला. दिनू पाटावर बसला होता, पण वाघाला हात लावत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. हे डोळे मी ओळखत होते. असं मी दारात बसून कितीतरी दुपारी पाहिलं होतं, आणि कुणी माझ्याकडे असं पाहील असं मला कधी वाटलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "ताईला पण वाघ होता?"

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. मी ताटाकडे बघत राहिले. आता ती सांगणार होती की नव्हता, की ताई उगाच बोलली, आणि मग हॉलमध्ये मिळालेलं एवढंसंही माझ्याजवळ राहणार नव्हतं.

"होता," आई म्हणाली.

दिनूचा खालचा ओठ बाहेर आला. "माझ्या आधी?"

"आधी. तू नव्हतास तेव्हा." तिनं पोळी तव्यावर टाकली. "याच्याहून मोठा होता. शेपटीला लोकर लावली होती मी त्याच्या. रोज दुपारी दोघी बसत होतो."

"मग कुठाय तो?"

"मला काय माहीत? कुमूला विचार. तिच्याजवळ असंन."

दिनूनं जे भोकाड पसरलं ते खाली हातोडी थांबण्याइतकं मोठं होतं. त्याला बाबांनी उचललं, पाणी पाजलं, पोपटाचा पेढा दिला, काही उपयोग झाला नाही. त्याला तो वाघ पाहिजे होता. आईनं माझ्या ताटात भात वाढला, त्यावर वरण, वर तुपाची धार, आणि माझ्याकडे न बघता हळूच, दाताला ओठ लावून, तो वारा सोडला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, हात खरकटे होते. भात सगळा खाल्ला.

आईनं ते पुढे कधी मागे घेतलं नाही. मी मोठी झाले, लग्न झालं, ती गेली, आणि त्या लोकरीच्या शेपटीबद्दल आम्ही एकमेकींशी शब्द बोललो नाही. दिनू शिकला, हिंदी शाळेत पहिला आला, इंजिनिअर झाला, आता निवृत्त होऊन भोपाळला असतो. फोनवर तब्येतीचं, मुलांचं बोलून झालं की अजूनही कधीतरी त्याचा आवाज जरा बारीक होतो. म्हणतो, "ताई, खरं सांग. तो मोठा वाघ तू कुठे ठेवलास?"

"आहे," मी म्हणते. "तुला नाही दाखवणार."